गोळी वाढली, टीएसएचही वाढला : बडोद्यातलं एक प्रकरण

बावन्न वर्षांच्या एक गृहिणी. बडोद्याच्या जुन्या भागात, सुरसागर तलावापर्यंत चालत जाता येईल अशा घरात राहतात. सासरचं घराणं गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने इकडे आलं आणि इथलंच झालं. यजमानांचं दुकान आहे, मुलगी लग्न होऊन पुण्याला. घरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. या बाईंना मी पुढे काकू म्हणेन. त्यांच्या संमतीनेच हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकूंची मागणी सरळ होती. ‘डॉक्टर, थायरॉइडची गोळी बंद करून द्या. नऊ वर्षं घेतेय. आता तर दरवेळी वाढवूनच देतात. निसर्गोपचारात मुळापासून बरं करतात ना? मग मला मुळापासून बरं करा.’

गोळी बंद होणार नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. त्या हिरमुसल्या. यजमान म्हणाले, ‘मग तुमच्याकडे येऊन काय उपयोग?’ मी म्हटलं, एवढी गोळी घेऊनही ती का लागू पडत नाही, ते तर शोधू. तेवढ्यावर दोघं थांबले.

तक्रारी मंद थायरॉइडच्या बहुतेक रुग्णांकडे असतात तशाच होत्या. सकाळी उठताना अंग जड, दुपारी डोळे मिटायला लागणं, बद्धकोष्ठ, केसांची गळती, चेहऱ्यावर सूज. बडोद्याची थंडी ती केवढी, पण काकू नोव्हेंबर लागताच स्वेटर चढवत होत्या. शिवाय गुडघे दुखत आणि रात्री छातीत जळजळ होई. कोलेस्टेरॉलही वाढलेलं होतं आणि त्यावर वेगळी गोळी सुरू करावी का, असा विचार त्यांचे फिजिशियन करत होते.

गणित कुठेतरी चुकत होतं

फाइल तारखेप्रमाणे लावली. नऊ वर्षांपूर्वी निदान झालं, अँटी-टीपीओ ही तपासणी पॉझिटिव्ह होती. म्हणजे हाशिमोटोचा आजार: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू मंदावते. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. मिठात आयोडीन आल्यापासून आपल्याकडच्या शहरांत मंद थायरॉइडचं हे एक मोठं कारण दिसतं. काकूंना ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली आणि सहा वर्षं सगळं ठीक चाललं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, तीनच्या आसपास राहिला.

मग काहीतरी बदललं. टीएसएच ८.४ झाला, गोळी ७५ झाली. पुढच्या तपासणीत ११.२, गोळी १००. शेवटच्या रिपोर्टमध्ये टीएसएच १८.६ आणि गोळी १२५.

टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक. रक्तात थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की ती ग्रंथी टीएसएच वाढवते, म्हणजे थायरॉइडला जास्त काम करायला सांगते. बहुतेक लॅबमध्ये मोठ्यांसाठी ०.४ ते ४ च्या आसपासचा आकडा सामान्य धरतात. ज्यांची ग्रंथी शस्त्रक्रियेने पूर्ण काढलेली आहे अशा माणसालाही साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे याच थायरॉइडच्या गोळीतलं औषध, पुरतं. काकूंचं वजन ६४ किलो. म्हणजे ग्रंथी अजिबात काम करत नाही असं धरलं, तरी १०० च्या जवळपास गोळी पुरायला हवी होती. त्या १२५ घेत होत्या आणि टीएसएच अठराच्या वर होता.

ग्रंथी बिघडत चालली एवढ्यानेच याचा उलगडा होत नव्हता. एक तर गोळी पोटात जात नसणार, नाहीतर पोटात जाऊन रक्तात पोचत नसणार. माझ्या मते हे गणित फाइलमध्ये दोन वर्षं सर्वांसमोर होतं. पण प्रत्येक तपासणीच्या वेळी नजर शेवटच्या आकड्यावर गेली आणि त्यापुढे गोळी वाढवली गेली.

आधी लोकांनी सांगितलेली कारणं

माझ्याकडे येण्याआधी काकूंना मूळ कारण तीन ठिकाणी सांगितलं गेलं होतं. एका शिबिरात कळलं, शरीरात विषद्रव्यं साठलीत. दुसऱ्या कोणी सांगितलं, गहू हेच सगळ्याचं मूळ, म्हणून सहा महिने गहू बंद. घरात यजमानांसाठी पोळ्या लाटायच्या आणि स्वतः ज्वारीची भाकरी खायची. कोबी-फ्लॉवरही थायरॉइडला वाईट म्हणून बंद केलेले. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या सुरू होत्या.

एकेक तपासून पाहिलं. गव्हाची शंका पूर्णपणे निराधार नव्हती. सिलिअ‍ॅक आजारात गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर खराब होतं, गोळीचं शोषण बिघडतं, आणि हाशिमोटोच्या रुग्णांत सिलिअ‍ॅक इतरांपेक्षा जास्त आढळतो. पण त्यासाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आहे, आणि ती गहू खात असतानाच करायची असते. गहू सोडून बसलं तर आजार असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून काकूंनी आधी काही आठवडे पुन्हा पोळी खाल्ली, मग तपासणी केली. ती निगेटिव्ह आली आणि पोळी ताटात परतली. शिजवलेला कोबी नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नव्हती.

बायोटिनची गोष्ट वेगळी. पुष्कळ लॅबच्या पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएचचा आकडा खोटाच कमी येतो, त्यामुळे काकूंचा वाढलेला आकडा त्याने झालेला नव्हता. तरी पुढच्या तपासणीआधी ते थांबवायला सांगितलं. हिमोग्लोबिन, बी-१२, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या फिजिशियनकडून करून घेतल्या. बी-१२ थोडं कमी होतं, बाकी ठीक.

विषद्रव्यांचं मात्र तपासता येईल असं काही हाती लागत नाही. आमच्या शास्त्राच्या पायाशीच ही कल्पना आहे. लुई कूने यांनी १८८३ साली लाइप्झिगमध्ये आपलं उपचारगृह काढलं. सगळे रोग मुळात एकच, शरीरात साठलेल्या विजातीय द्रव्याचे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं कटिस्नान, म्हणजे कंबरेपर्यंत पाण्यात बसवणं, मी आजही देते. पण रोग एकच आणि मूळही एकच, हे मला मान्य नाही. उत्तर आधीच ठरलेलं असलं की समोरच्या माणसाला प्रश्न विचारायचं कारणच उरत नाही. काकूंच्या बाबतीत तसंच झालं होतं. शिबिरात त्यांना दिवसभराचा रसाहार सांगितला गेला. त्या सकाळी गोळी कशी घेतात, हे कोणी विचारलं नाही.

सकाळचा ग्लास

दुसऱ्या भेटीला मी घरातली सगळी औषधं, चूर्णं आणि डबे पिशवीत घालून आणायला सांगितलं. थायरॉइडची बाटली आधी पाहिली. खरेदीची तारीख आणि उरलेल्या गोळ्या यांचा हिशेब बरोबर जुळला. गोळी चुकत नव्हती. मग मी म्हटलं, ‘काकू, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगू नका, करून दाखवा.’

त्यांनी माझ्या टेबलावर ग्लास ठेवला. त्यात इसबगोलचे दोन चमचे टाकल्याचा अभिनय केला, कोमट पाणी ओतलं, चमच्याने ढवळलं. मग डाव्या तळहातावर गोळी घेतली, तोंडात टाकली आणि तोच ग्लास वर केला.

‘गोळी याच्याबरोबर?’

‘हो. रिकाम्या पोटी घ्यायची ना? आणि हे बुळबुळीत असल्यामुळे गोळी पटकन उतरते. वेगळं पाणी कशाला?’

पुढचंही तसंच. दहा मिनिटांत दुधाचा चहा आणि खाखरा. त्याच सुमारास पोटाची गोळी, पॅन्टोप्राझोल. सात वाजता नाश्त्यासोबत कॅल्शियम, हाडांसाठी. बाटलीची जागा गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळीसच्या वर जातो, आणि ही गोळी उष्णता व ओल फार काळ सोसत नाही.

लिव्होथायरॉक्सिन साध्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी आणि खाण्याआधी निदान अर्धा ते एक तास घ्यायची असते. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब ठेवायचं, कारण ते आतड्यात तिला धरून ठेवतात आणि ती शोषलीच जात नाही. तंतुमय पदार्थ, कॉफी आणि दूध यांनीही शोषण कमी होऊ शकतं. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या जठरातलं आम्ल कमी करतात, आणि थायरॉइडची गोळी नीट विरघळायला तेच आम्ल लागतं. काकूंच्या एका सकाळीत हे सगळे अडथळे एकत्र आले होते. त्यांच्या लेखी सकाळ रिकाम्या पोटीच सुरू होत होती.

एकाला एक लागून

इथे थांबता आलं असतं. वेळा बदला, सहा आठवड्यांनी तपासा, संपलं. पण इसबगोल, पॅन्टोप्राझोल आणि कॅल्शियम या तिन्ही गोष्टी काकूंच्या आयुष्यात कधी आल्या, ते मला कळायला हवं होतं. पहिली सहा वर्षं त्यांचा मागमूसही नव्हता.

मेडिकलच्या बिलांवरून आणि काकूंच्या आठवणीवरून क्रम असा लागला. अडीच-तीन वर्षांपूर्वी सासूबाई पडल्या. त्यांना उठवणं, कूस बदलणं, खाली बसून अंग पुसणं, सगळं काकूंवर आलं. गुडघे आणि कंबर दुखायला लागली. मेडिकलवाल्याकडून वेदनाशामक गोळी आली, पुढे ती जवळजवळ रोजचीच झाली. त्याने जळजळ सुरू झाली, म्हणून पॅन्टोप्राझोल. पाळी गेली होती, गुडघे दुखत होते, म्हणून कोणी कॅल्शियम सुचवलं. आता थायरॉइडची गोळी कमी शोषली जाऊ लागली. टीएसएच वाढला, आतडी मंदावली, बद्धकोष्ठ झालं. त्यावर इसबगोल, तेही गोळीच्याच घोटाबरोबर. मग गोळी आणखी कमी लागू पडली आणि बद्धकोष्ठ आणखी वाढलं.

फेऱ्यातली प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे पाहिली तर समजण्यासारखी होती. गुडघा दुखतो तर दुखण्याची गोळी, जळजळ होते तर आम्लाची. सगळं एका कागदावर क्रमाने कोणी मांडलेलं नव्हतं. अशा रुग्णाकडे निसर्गोपचार काही देऊ शकत असेल, तर ते पहिल्यांदा हेच: माणसाजवळ बसायला वेळ, आणि त्याचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत विचारून घ्यायची सवय.

मी यजमानांना विचारलं, ‘रात्री आईंना कोण उठवतं?’

‘हीच. मला दुकान असतं ना.’

‘आणि दीर?’

काकू म्हणाल्या, ‘ते इथेच, बडोद्यात मांजलपूरला असतात. सणावाराला येतात.’ आवाजात तक्रार नव्हती, त्या माहिती दिल्यासारखं बोलल्या.

मग गांधीजींचा विषय निघाला. यजमानांना निसर्गोपचाराबद्दल आदर होता. ‘गांधीजी तर माती-पाण्यावरच भर द्यायचे. उरुळी कांचनला त्यांनी आश्रमसुद्धा काढला.’ खरं आहे, १९४६ साली. पण १९२४ साली अपेंडिक्सचा त्रास झाला तेव्हा गांधीजींनी पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेतली, हेही मी त्यांना सांगितलं. काकूंची ग्रंथी पुरेसं संप्रेरक तयार करत नाही. ते बाहेरून द्यावंच लागणार. गोळी अचानक सोडली तर त्याचा भार हृदयावर आणि मेंदूवर येतो, आणि फार काळ सोडली तर जिवावरही बेतू शकतं. यावर ते काही बोलले नाहीत, पण गोळी बंद करायचा आग्रह तिथेच संपला.

उपचार

पहिलं काम सगळ्यात सोपं होतं. सासूबाईंचं तोंड धुण्यासाठी काकू पाचला उठतात. बाटली शेगडीवरून त्यांच्या खोलीतल्या कपाटात आली. उठल्याबरोबर साध्या पाण्याने गोळी, चहा एक तासाने. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. इसबगोल झोपताना, आणि तेही गरज पडली तरच.

डोस मी बदलला नाही, तो माझा अधिकारही नाही. फिजिशियनना चिठ्ठी लिहिली, क्रम मांडला. त्यांनी तो नीट वाचला आणि फोन केला. आम्हा दोघांना एकच काळजी होती: इतकी वर्षं अर्धवट पोचणारी १२५ ची गोळी आता पूर्ण पोचू लागली तर ती जास्त होईल. जास्त झाली तर छातीत धडधड, झोप उडणं, आणि पाळी गेलेल्या बाईच्या हाडांची झीज. म्हणून सहा आठवड्यांनी तपासणी नक्की ठरली आणि धडधड वाटली तर त्याआधीच यायचं असं सांगितलं. तसा त्रास नसेल तर सहा आठवड्यांच्या आधी तपासून फारसा अर्थ नसतो. या संप्रेरकाचं रक्तातलं अर्धं प्रमाण उतरायलाच सुमारे आठवडा लागतो, आणि टीएसएच त्याच्याही मागून सावकाश सरकतो.

वेदनाशामक बंद झाल्याशिवाय पोटाची गोळी सुटणार नव्हती, आणि गुडघे ठीक झाल्याशिवाय वेदनाशामक सुटणार नव्हती. त्यामुळे उपचारांचा सगळा भर गुडघ्यांवर आला. रात्री गुडघ्याला गरम पाण्याच्या पट्ट्या. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरणं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबणं, असे मांडीचे स्नायू बळकट करणारे साधे व्यायाम. जमिनीवर उकिडवं बसणं बंद, बाथरूममध्ये स्टूल. फिजिओथेरपिस्टने घरी येऊन सासूबाईंच्या पलंगाखाली लाकडी ठोकळे लावून घेतले, म्हणजे काकूंना वाकावं लागत नाही. आणि दुमडलेल्या चादरीवरून सरकवून कूस कशी बदलायची, ते शिकवलं. सासूबाईंना उचलायची गरजच राहिली नाही. माझ्या कोणत्याही लेपापेक्षा त्या चादरीचा गुण जास्त आला, हे मला मोकळेपणाने लिहावंसं वाटतं.

आहारात मी फार ढवळाढवळ केली नाही. रात्रीचं जेवण दुकान बंद झाल्यावर दहाला व्हायचं, ते काकूंनी आठला आटोपायला सुरुवात केली. संध्याकाळचं फरसाण आणि शेव-उसळ रोजची न राहता रविवारपुरती राहिली. पालेभाजी, कोशिंबीर, भिजवलेले अंजीर, दिवसभर पुरेसं पाणी. बी-१२ ची गोळी फिजिशियनने दिली. शाकाहारी माणसाला ते भाजीपाल्यातून मिळत नाही, हे निसर्गोपचारवाल्यांनीही स्वच्छ सांगायला हवं.

काही गोष्टी मी मुद्दाम दिल्या नाहीत. लांब उपवास नाही, कारण उपाशीपोटी शरीर टी-३ हे कामाचं संप्रेरक आणखी कमी करतं आणि या बाई आधीच थकलेल्या होत्या. थंड कटिस्नानही नाही. थंडी न सोसणाऱ्या माणसाला टीएसएच अठरा असताना थंड पाण्यात बसवणं मला पटत नाही. पुढे तब्येत सुधारल्यावर कोमट पाण्यातलं कटिस्नान सुरू केलं आणि बद्धकोष्ठासाठी त्यांना ते आवडलं.

दिराशी बोलणं यजमानांवर सोपवलं. ते लगेच झालं नाही. दिवाळीत सगळे जमले तेव्हा त्यांनी विषय काढला. सकाळच्या वेळेसाठी एक आया ठेवायची आणि खर्च दोघा भावांनी अर्धा-अर्धा करायचा, असं ठरलं. नणंदेला हे फारसं रुचलं नाही. पण आया येऊ लागली.

काय झालं आणि काय राहिलं

सहा आठवड्यांनी टीएसएच ६.१. काकूंना थोडं हलकं वाटत होतं. गुडघ्यांची गोळी आठवड्यातून एखाद्या वेळेपर्यंत उतरली होती. फिजिशियनने पॅन्टोप्राझोल टप्प्याटप्प्याने कमी केली. ही गोळी एकदम सोडली तर काही आठवडे आम्ल उसळतं, आणि माणूस घाबरून पुन्हा सुरू करतो. ती पूर्ण सुटल्यावरच्या तपासणीत टीएसएच ०.३ वर आला, म्हणजे आता गोळी जास्त होत होती. ती १०० केली आणि त्यानंतर ७५. ७५ वर टीएसएच २.४ ला स्थिरावला. एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, १६८ वरून १२६ वर उतरलं, त्यासाठी वेगळी गोळी लागली नाही. थायरॉइड मंद असताना कोलेस्टेरॉल बहुतेकदा वाढतं, म्हणून फिजिशियनने आधी थायरॉइड ताळ्यावर येऊ दिला, हे योग्यच केलं.

७५ मात्र राहिली. पूर्वी ५० पुरत होती, आता पुरत नाही. या वर्षांत ग्रंथी खरोखरच आणखी थोडी मंदावली आहे. हाशिमोटो बरा झालेला नाही. अँटी-टीपीओ पॉझिटिव्हच आहे आणि ती पुन्हा पुन्हा तपासण्यात काही हशील नाही, असं मी काकूंना सांगितलं. वजन जेमतेम दोन किलो उतरलं, त्यांची अपेक्षा जास्त होती. केस गळणं कमी झालं, पण केस पूर्वीसारखे झाले नाहीत.

काकूंनी शेवटच्या भेटीत विचारलं, ‘मग मूळ कारण कोणतं ठरलं? गुडघा की इसबगोल?’ मी म्हटलं, टीएसएच चढत गेला त्याचं कारण गोळी घेण्याची रीत, त्यामागे गुडघा, आणि गुडघ्यामागे तीन वर्षं एकटीने केलेली सासूबाईंची सेवा. थायरॉइडचा आजार मुळात का झाला, त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. त्यांच्या आईलाही गॉइटर, म्हणजे थायरॉइड ग्रंथी सुजून गळ्याला आलेली गाठ, होता.

त्यावरून मुलीचा विषय निघाला. ती सव्वीस वर्षांची, बाळाचा विचार सुरू आहे. तिला पुण्यात टीएसएच तपासून घ्यायला सांगितलं. तो २.१ आला. गर्भ राहिला की पहिल्याच महिन्यात पुन्हा तपासायचा आणि घरातल्या आजाराचा इतिहास स्त्रीरोगतज्ज्ञांना आधीच सांगायचा, एवढं काकूंनी तिला फोनवर समजावलं. लोहाची गोळी सुरू झाली तर ती कशाबरोबर घ्यायची नाही, हेही त्यांनीच सांगितलं.